अम्ल व खाण्याचा सोडा यांची विक्रिया

अम्ल व खाण्याचा सोडा यांची विक्रिया : खाण्याच्या सोड्यावर (सोडियम बायकार्बोनेटावर) अम्लाची क्रिया झाली असता लवण, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण करणारी रासायनिक विक्रिया. विक्रिया होताना वायूचे बुडबुडे जोराने बाहेर पडतात व मिश्रण फसफसते. शालेय प्रयोगशाळेत ही विक्रिया मुख्यतः वायू तयार करून ओळखण्यासाठी करतात. स्वयंपाकात पीठ फुगविण्यासाठी, औषधांत जठरातील अम्लता कमी करण्यासाठी व जमिनीच्या परीक्षेत चुनखडीचे अस्तित्व शोधण्यासाठी हीच किंवा हिच्याशी निकट संबंध असलेली विक्रिया उपयोगी पडते.

विक्रियेचे स्वरूप : खाण्याचा सोडा पाण्यात विरघळल्यावर सोडियम व बायकार्बोनेट असे दोन आयन (विद्युत् भारित कण) अलग होतात. अम्लापासून मिळणारा हायड्रोजन आयन बायकार्बोनेट आयनाशी संयोग पावून कार्बॉनिक अम्ल बनते. हे अम्ल अस्थिर असल्यामुळे त्याचे लगेच अपघटन होऊन (घटक अलग होऊन) पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. सोडियम आयन व अम्लाचा उरलेला भाग यांचे लवण विद्रावात राहते. हायड्रोक्लोरिक अम्ल वापरल्यास विक्रिया पुढीलप्रमाणे मांडता येते :

सोडियम बायकार्बोनेट + हायड्रोक्लोरिक अम्ल → सोडियम क्लोराइड (मीठ) + पाणी + कार्बन डाय-ऑक्साइड

व्हिनेगरातील ॲसिटिक अम्ल, लिंबातील सायट्रिक अम्ल, चिंचेतील टार्टारिक अम्ल किंवा दह्यातील लॅक्टिक अम्ल वापरले, तर लवण बदलते; परंतु वायू तोच राहतो. विक्रिया उष्णता शोषून घेणारी (ऊष्माग्राही) असल्यामुळे सोडा व सायट्रिक अम्ल यांचे मिश्रण पाण्यात टाकल्यावर भांडे हाताला गार लागते. मिश्रण फसफसताना दिसले, म्हणजे ते उकळत आहे असे नव्हे.

परिमाण : खाण्याच्या सोड्याचा रेणुभार ८४, तर कार्बन डाय-ऑक्साइडाचा ४४ आहे. त्यामुळे ८४ ग्रॅ. सोड्याची अम्लाशी पूर्ण विक्रिया झाल्यास ४४ ग्रॅ. वायू मिळतो. ०° से. तापमान व एक वातावरण दाब असताना त्याचे घनफळ २२·४ लि. भरते. २५° से. तापमानास १ ग्रॅ. सोड्यापासून सु. २९० मिलि. वायू मिळतो. प्रत्यक्ष प्रयोगात वायूचा काही भाग द्रवातच विरघळून राहतो (सु. १५° से. तापमानास पाणी आपल्या घनफळाइतका कार्बन डाय-ऑक्साइड विरघळविते), म्हणून गोळा केलेला वायू या हिशेबापेक्षा थोडा कमी भरतो. ५% ॲसिटिक अम्ल असलेले व्हिनेगर घेतल्यास ५ ग्रॅ. सोड्यासाठी ते सु. ७० मिलि. लागते. त्याहून कमी घेतल्यास काही सोडा विक्रियेवाचून उरतो व मिश्रणास अळणी, साबणासारखी चव येते.

इतिहास : चुनखडी, धुण्याचा सोडा इ. पदार्थांवर अम्ल टाकले असता वायू सुटतो, हे फार पूर्वीपासून माहीत होते. पण हा वायू म्हणजे हवेहून निराळा असा स्वतंत्र पदार्थ आहे, हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांनी दाखवून दिले. त्यांनी १७५४ मध्ये सादर केलेल्या व १७५६ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मॅग्नेशियाचे कार्बोनेट व चुनखडी यांचे वजन तापविण्यापूर्वी व नंतर काळजीपूर्वक मोजले आणि घटलेले वजन निसटलेल्या वायूचे आहे असे सिद्ध केले. घन पदार्थात बद्ध झालेली हवा या अर्थाने त्यांनी त्यास ‘स्थिर हवा’ असे नाव दिले. श्वासातून बाहेर पडणारी हवा, आंबवणातून निघणारा वायू व लोणारी कोळसा जळताना होणारा वायू हे चुन्याच्या निवळीला सारखेच दुधाळ करतात, हेही त्यांनी पाहिले. वायूची ओळख त्याच्या उगमावरून न करता त्याच्या रासायनिक वर्तनावरून करावयाची, ही पद्धत येथून रूढ झाली. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू पाण्यात मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली व तीतून पुढे सोडावॉटरचा धंदा उभा राहिला.

वायूची ओळख : परीक्षानलिकेत सु. १ ग्रॅ. खाण्याचा सोडा घेऊन तीत विरल हायड्रोक्लोरिक अम्ल किंवा व्हिनेगर थोडे थोडे घालतात. नलिकेचे तोंड वाहकनळी बसविलेल्या बुचाने बंद करून नळीचे दुसरे टोक ताज्या चुन्याच्या निवळीत बुडवितात. निवळी करण्यासाठी पानात खाण्याचा चुना भरपूर पाण्यात ढवळून झाकून ठेवतात व वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घेतात. २०° से. तापमानास १ लि. पाण्यात फक्त सु. १·७ ग्रॅ. चुना विरघळतो, म्हणून निवळी सौम्य असते, पण ती फार संवेदनशील असते. उघडी ठेवल्यास हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे तिच्यावर पांढरी साय धरते.

वायू निवळीत शिरताच कॅल्शियम कार्बोनेटाचा अविद्राव्य (न विरघळणारा) अवक्षेप तयार होऊन निवळी दुधाळ होते. वायू पुढेही सोडत राहिल्यास दुधाळपणा हळूहळू नाहीसा होतो, कारण कॅल्शियम कार्बोनेटाचे विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेट बनते. हा स्वच्छ विद्राव उकळल्यास वायू निघून जातो व विद्राव पुन्हा गढूळ होतो. निवळीचे दुधाळ होणे, निवळणे व उकळल्यावर पुन्हा गढूळ होणे हे तिन्ही टप्पे पाहिल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली असे मानू नये. वाहकनळीतून अम्लाचे थेंब निवळीत उडाल्यास अवक्षेप पडतच नाही आणि वायू असूनही नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून परीक्षानलिका निम्म्याहून अधिक भरू नये.

वायू रंगहीन असून हवेपेक्षा सु. दीडपट जड आहे. म्हणून तो उघड्या तोंडाच्या भांड्यात तळापासून साचतो. पेटती काडी त्यात नेली असता विझते. ओला निळा लिटमस कागद त्यात धरल्यास त्यावर फिकट तांबूस छटा येते.

परीक्षेच्या मर्यादा : वरीलपैकी एकच परीक्षा करून वायूचे नाव ठरविणे धोक्याचे असते. जळती काडी नायट्रोजनातही विझते. पण नायट्रोजनामुळे निवळी दुधाळ होत नाही. उलट सल्फर डाय-ऑक्साइड निवळीला दुधाळ करतो व अधिक प्रमाणात सोडल्यास ती पुन्हा स्वच्छही करतो. त्यामुळे सल्फाइट लवणावर अम्ल टाकून निघालेला वायू केवळ निवळीवरून कार्बन डाय-ऑक्साइड समजला जाण्याचा संभव असतो. या दोहोंतील फरक दोन प्रकारे कळतो. सल्फर डाय-ऑक्साइडाला जळत्या गंधकासारखा घशाला झोंबणारा वास असतो, तर कार्बन डाय-ऑक्साइडाला वास नसतो. तसेच सल्फर डाय-ऑक्साइड अम्लयुक्त पोटॅशियम परमँगॅनेटाचा जांभळा रंग घालवितो व पोटॅशियम डायक्रोमेटाचा नारिंगी विद्राव हिरवा करतो. कार्बन डाय-ऑक्साइडाचा या दोहोंवर परिणाम होत नाही. म्हणून शंका असल्यास वायू प्रथम डायक्रोमेटाच्या विद्रावातून व नंतर निवळीतून नेतात.

वायू ओळखला, तरी तो कोणत्या लवणातून आला हे त्यावरून कळत नाही. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), पापडखार, खडू, शिंपले, अंड्याचे कवच व संगमरवर या सर्वांपासून अम्लाने तोच वायू निघतो. पहिल्या दोहोंमधील फरक पाहावयाचा असल्यास विद्रावात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे थेंब घालतात. धुण्याच्या सोड्याचा विद्राव गडद गुलाबी होतो, तर खाण्याच्या सोड्याचा जवळजवळ रंगहीन राहतो. खाण्याच्या सोड्यात मॅग्नेशियम सल्फेटाचा थंड विद्राव घातल्यास अवक्षेप पडत नाही. धुण्याच्या सोड्यात तो लगेच पडतो.

स्वयंपाकातील व इतर उपयोग : ढोकळा, केक इ. पदार्थांत दही, लिंबू वा बेकिंग पावडरीतील घन अम्ल यांच्यामुळे सोड्यातून वायू सुटतो व पीठ सच्छिद्र होते. अम्ल नसल्यास सोडा नुसत्या उष्णतेने अपघटन पावतो, पण त्या वेळी फक्त निम्माच वायू मिळतो (१६८ ग्रॅ. सोड्यापासून ४४ ग्रॅ.) व बाकी सोडियम कार्बोनेट पदार्थात राहते. पिठात सोडा जास्त झाला असता येणारी कडवट चव व पिवळेपणा यांचे कारण हेच होय. सोडा-अम्ल अग्निशामकात याच विक्रियेतून सुटणाऱ्या वायूच्या दाबाने पाण्याची धार बाहेर फेकली जाई. आता त्याची जागा इतर प्रकारच्या अग्निशामकांनी घेतली आहे.

निसर्गातील आढळ : महाराष्ट्रात सोडियमाच्या कार्बोनेट व बायकार्बोनेट लवणांचे प्रसिद्ध स्थान म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या या विवरातील पाण्याचे पीएच मूल्य (अम्लता वा क्षारता दर्शविणारे मूल्य; ७ म्हणजे उदासीन) १० च्या आसपास असते. येथील खाराचा उल्लेख सोळाव्या शतकातील ऐन-इ-अकबरी या ग्रंथात आहे. लोणारचा खार डोळ्यांनी दिसतो. परंतु तोच बायकार्बोनेट आयन राज्याच्या अवर्षणप्रवण भागातील विहिरींच्या पाण्यातून व कालव्याखालील जमिनींतून, न दिसता, शेतीवर परिणाम घडवीत असतो. याचे एक लक्षणीय उदाहरण अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात पाहावयास मिळते.

जमिनीच्या परीक्षेतील उपयोग : अहिल्यानगर जिल्ह्यातील काळ्या जमिनी दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनल्या असून पाऊस कमी असल्यामुळे त्यांत चुनखडीचे खडे व बारीक कण मोठ्या प्रमाणात आढळतात. १९१६ च्या सुमारास गोदावरीचे कालवे व १९२६ मध्ये अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण पूर्ण झाल्यावर कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी इ. भागांत उसाची बारमाही बागायत वाढली. निचरा अपुरा असलेल्या ठिकाणी पाण्याची पातळी वर येऊन काही जमिनी खारवट व काही चोपण झाल्या. खारवट जमिनीत क्लोराइडे व सल्फेटे यांसारखी विद्राव्य लवणे साचतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून राहतो, पीएच मूल्य ८·५ च्या वर जाते, ओली माती चिकट व कोरडी माती दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही.

चोपण होण्यामागील रसायन हे चुन्याच्या निवळीच्या परीक्षेतील तिसऱ्या टप्प्यासारखेच आहे. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व सोडियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी शेतात आटते, तेव्हा कॅल्शियम बायकार्बोनेटाचे अविद्राव्य कार्बोनेट होऊन ते खाली बसते व विद्रावात मुख्यतः सोडियम उरतो. उरलेला सोडियम मातीच्या कणांवरील कॅल्शियमाची जागा घेतो. म्हणून ओलिताच्या पाण्याचा दर्जा ठरविताना त्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करतात. ही बाकी दर लिटरला २·५ मिलिसममूल्यांपेक्षा अधिक असल्यास ते पाणी ओलितास अयोग्य समजतात.

अशा जमिनीवर उपाय ठरविताना अम्लाची परीक्षा प्रथम करतात. मातीवर विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचे थेंब टाकतात. बुडबुडे दिसत नसून केवळ कानाजवळ धरल्यावर सूक्ष्म आवाज येत असल्यास चुनखडी साधारणतः २% पेक्षा कमी असते. बुडबुडे स्पष्ट दिसल्यास ती २ ते १०% आणि फेस धरल्यास त्याहून अधिक असते. नेमके प्रमाण वायूचे घनफळ मोजून काढतात. उदा., १ ग्रॅ. मातीत १०% चुनखडी असल्यास २५° से. तापमानास तीतून सु. २४·५ मिलि. कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. येथे सल्फ्यूरिक अम्ल वापरीत नाहीत, कारण चुनखडीच्या कणावर जिप्समाचे कवच बनून विक्रिया मंदावते.

या परीक्षेचा अर्थ लावताना दक्षता घ्यावी लागते. माती फसफसली म्हणजे ती चोपण आहे असे नव्हे. फसफसणे हे फक्त कार्बोनेट असल्याचे लक्षण होय आणि जिल्ह्यातील चांगल्या, सुपीक काळ्या जमिनीही फसफसतात. चोपणपणा पीएच मूल्यावरून व कणांना चिकटलेल्या सोडियमाच्या प्रमाणावरून ठरतो (हे प्रमाण १५% हून अधिक असल्यास जमीन चोपण मानतात). फसफसण्यावरून ठरते ते उपायाचे स्वरूप. माती फसफसत नसल्यास तिला कॅल्शियम बाहेरून, म्हणजे जिप्समाच्या रूपाने, द्यावा लागतो. माती जोराने फसफसत असल्यास कॅल्शियम तिच्यातच असतो, पण अविद्राव्य स्वरूपात. तो मोकळा करण्यास अम्ल पुरेसे होते. त्यासाठी जमिनीत गंधक मिसळतात. जमिनीतील सूक्ष्मजंतू गंधकाचे सल्फ्यूरिक अम्ल करतात, ते अम्ल चुनखडीवर क्रिया करून जिप्सम व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते आणि जिप्समातील कॅल्शियम सोडियमाला हुसकावून लावतो. या हिशेबाने १ किग्रॅ. गंधक सु. ५·४ किग्रॅ. जिप्समाचे काम करते. परीक्षानलिकेत काही सेकंदांत होणारी विक्रिया शेतात काही आठवडे ते महिने चालते. धैंच्यासारखे हिरवळीचे पीक गाडल्यावर ते कुजताना निघणारा कार्बन डाय-ऑक्साइडही पाण्याच्या साहाय्याने चुनखडी विरघळवितो. दुधाळ निवळी जादा वायूने स्वच्छ होते त्यातलाच हा प्रकार होय. मात्र सुटलेला सोडियम वाहून नेण्यासाठी चर काढून निचऱ्याची व्यवस्था केली नाही, तर यांपैकी कोणताही उपाय टिकत नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८) या जिल्ह्यातच असून माती व पाणी यांची परीक्षा करून घेतल्याशिवाय जिप्सम वा गंधक यांची मात्रा ठरवू नये, असा कृषिशास्त्राचा सर्वसाधारण सल्ला आहे.

साखर उद्योगातील संबंध : सहकारी साखर उद्योगाला दिशा देणारा प्रवरानगर येथील कारखाना १९५० मध्ये सुरू झाला व त्यानंतर जिल्ह्यात अनेक कारखाने उभे राहिले. उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी त्यात चुन्याचे दूध मिसळून वायू सोडतात. कार्बोनेशन पद्धतीत चुनखडी भाजून मिळणारा कार्बन डाय-ऑक्साइड, तर भारतात अधिक प्रचलित असलेल्या सल्फिटेशन पद्धतीत गंधक जाळून मिळणारा सल्फर डाय-ऑक्साइड वापरतात. दोन्ही वायू चुन्याबरोबर पांढरा अवक्षेप देतात व तो रसातील अशुद्ध द्रव्ये घेऊन खाली बसतो. गाळून उरलेल्या प्रेसमडात पहिल्या पद्धतीत प्रामुख्याने चुनखडी, तर दुसरीत कॅल्शियमाचे सल्फाइट व सल्फेट असते. आधीच चुनखडीयुक्त असलेल्या चोपण जमिनीस दुसऱ्या प्रकारचे प्रेसमड उपयुक्त ठरते. पहिल्याने तीत केवळ चुनखडीची भर पडते. दोन्ही प्रकार दिसण्यात सारखे असले, तरी अम्लाच्या थेंबाने सुटणाऱ्या वायूच्या वासावरून व डायक्रोमेटाच्या परीक्षेवरून ते ओळखता येतात.

धोके व दक्षता : हवेत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण सु. ०·०४% असते व ते निरुपद्रवी असते. तथापि आसवनीतील आंबवणाची पिंपे, वापरात नसलेल्या विहिरी व बंद टाक्या यांच्या तळाशी हा जड वायू साचतो. विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझल्यास खाली उतरू नये, हे योग्यच. परंतु दिवा जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित आहे, असा उलट निष्कर्ष काढणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण ४% झाले असता जीवितास तत्काळ धोका संभवतो. पण त्या हवेत ऑक्सिजन सु. २०% असल्यामुळे दिवा सहज जळत राहतो. हवेतील ऑक्सिजन साधारणतः १६ ते १७% पर्यंत उतरेपर्यंत मेणबत्ती विझत नाही, तोवर मनुष्य बेशुद्ध झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइडासारखा विषारी वायू अत्यल्प प्रमाणात असल्यास दिव्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही व मिथेनासारखा ज्वालाग्राही वायू असल्यास दिव्यामुळेच स्फोट होतो. म्हणून अशा जागी वायुमापकाने तपासणी केल्यावाचून, ताजी हवा खेळविल्यावाचून व वर दोर धरणारा माणूस उभा असल्यावाचून कोणी उतरू नये. खाली पडलेल्यास वाचविण्यासाठी तसेच धावून जाणारा दुसरा माणूसही बळी पडतो.

प्रयोगशाळेत विक्रिया करताना भांडे घट्ट बंद करू नये. वायूच्या दाबाने काचेचे भांडे फुटते. अम्ल थेंबाथेंबाने घालावे, डोळ्यांवर चष्मा असावा व नळीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेऊ नये. हाताने हवा आपल्याकडे वळवून तो घ्यावा.